जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी: नातीला घेऊन जाणाऱ्या आजीचा अभिप्राय

ज्यांच्या घरी डाउन सिंड्रोमचं बाळ आहे, किंवा मान धरायला, बसायला, बोलायला उशीर लागणारं मूल आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात डीईआयसी आहे. पूर्ण नाव जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. नाव जड वाटतं, पण काम सरळ आहे. बाळात काही अडचण दिसली की 'होईल हळूहळू' म्हणून थांबायचं नाही. मेंदू भराभर वाढत असतो त्या पहिल्या वर्षांतच हातपाय, कान, जीभ, समज सगळ्यांना कामाला लावायचं. नात दीड महिन्याची होती तेव्हापासून आम्ही तिथे जातो. आता ती सव्वादोन वर्षांची आहे. पाचपैकी चार तारे देते. एक का कापला तेही सांगते.

जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली बहुतेक माणसं एनएचएमच्या, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर आहेत. मी जी गाऱ्हाणी मांडणार आहे ती त्यांच्या हातातली नाहीत, आणि त्याचा ताप त्यांना व्हायला नको.

मी अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. त्यामुळे हे केंद्र मला नातीच्या आधीपासून माहीत आहे, पण कागदावरून. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. तेव्हापासून त्याच्या तपासणी पथकाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायची, शाळेत एकदा. दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर अशा चार गटांत ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी. काही आढळलं की केंद्रात जायची चिठ्ठी मिळायची आणि ती आईच्या हातात द्यायचं काम माझं. बऱ्याच जणी जात नसत. 'याचे वडीलपण चार वर्षांचे होईस्तोवर बोलत नव्हते,' हे उत्तर तर ठरलेलं. कुणाला रोजगार बुडवणं परवडायचं नाही, कुणाला सासू पाठवायची नाही. ज्या गेल्या त्यांची मुलं पुढे मी शाळेत जाताना पाहिली. म्हणून नातीच्या वेळी घरात दुसरा विचारच झाला नाही.

ती ग्रामीण रुग्णालयात जन्मली. डॉक्टरांनी तळहातावरची एकच आडवी रेघ पाहिली, डोळ्यांचे वर चढलेले कोपरे पाहिले, अंग उचलून बघितलं तर सैल. त्यांनी सूनबाईला आणि मुलाला एकत्र बसवून सांगितलं, एकट्या आईला नाही. हे मला फार बरं वाटलं. रक्ताची कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी बाहेरून करावी लागली. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला: ४७, एक्सएक्स, +२१. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्यांनी. नातीच्या २१ व्या जोडीत दोनाच्या जागी तीन आहेत.

त्या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्याने जे बोलून घेतलं ते लिहायला नको. ग्रहणात सुरी धरली असेल, पपई खाल्ली असेल, माहेरच्या रक्तातच असेल. सूनबाई चोविशीची. केंद्रातल्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत हा विषय स्वतः काढला. म्हणाले, "ताई, तुम्ही काही केलं म्हणून हे झालेलं नाही आणि काही केलं असतं तर टळलंही नसतं. साधारण ७०० ते ८०० जन्मांमागे एक बाळ असं जन्मतं, सगळ्या जगात, सगळ्या जातीधर्मांत." आईचं वय वाढलं की शक्यता वाढते हे खरं. पण तरुण वयात बाळंत होणाऱ्या बायकाच जास्त, त्यामुळे अशी बहुतेक बाळं तरुण आयांनाच होतात, हेही त्यांनी सांगितलं. मग रिपोर्ट उलगडून दाखवला. जास्तीचं गुणसूत्र सुटं आहे. १०० पैकी ९५ बाळांत असंच असतं. थोड्या बाळांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं, त्याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. तसं असेल तर आईवडिलांचीही रक्ततपासणी लागते, कारण पुढच्या बाळंतपणाचा प्रश्न असतो. तुमच्या हातात रिपोर्ट असेल तर हे नक्की विचारा. आमच्या नात्यातल्या एका बाईंना मी पुढच्या खेपेला सोबत नेलं आणि डॉक्टरांसमोर बसवलं. त्यानंतर ग्रहणाचा विषय त्यांनी काढला नाही.

आता केंद्राबद्दल. पहिल्या मजल्यावर एक व्हरांडा आणि त्याला लागून खोल्या: डॉक्टर, फिजिओ, स्पीच, मानसतज्ज्ञ, डोळे, दात, आणि शेवटी स्पेशल एज्युकेटर ताईंची खोली, भिंतीवर बदकं काढलेली. केसपेपर खाली काढायचा आणि वर सोशल वर्कर दादांकडे द्यायचा. ते एक फाइल उघडतात आणि मग ती फाइल बाळाबरोबर खोलीखोलीत फिरते. खासगीत मला जे कुठेच दिसलं नाही ते हे. तिथे हृदयवाला हृदय बघतो, कानवाला कान बघतो आणि मधली सगळी धावपळ आईबापांची. इथे फिजिओच्या मॅडमना फाइलवरून कळतं की या बाळाच्या हृदयाला बारीक छिद्र आहे, दमवायचं नाही.

डाउन सिंड्रोमच्या बाळाला काय काय तपासावं लागतं याची यादी त्यांनी पहिल्याच दिवशी फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहून दिली. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सगळ्यात आधी, कारण जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. आमचं छिद्र लहान आहे, आपोआप बंद होतंय का ते बघतायत. ऑपरेशन लागलंच तर ते बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत होतं. थायरॉइड जन्मल्यावर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी. नातीचा टीएसएच वर्षाच्या तपासणीत वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉइड कमी पडत होतं. आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी कुस्करून देतो, आणि लोहाचं औषध त्याच्या जवळपास देत नाही. कानाची बेरा तपासणी, डोळ्यांची तपासणी. कानाच्या पडद्यामागे पाणी साचायची या मुलांची खोड असते, म्हणून कान एकदा चांगले निघाले तरी परत परत बघायचे. ऐकूच नीट आलं नाही तर बोलणार कुठून? नुसत्या या यादीसाठी गेलात तरी जाणं फुकट जायचं नाही.

विकास कुठवर आला हे मोजायला मानसतज्ज्ञ ताई डीएएसआयआय नावाची चाचणी घेतात. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या भारतीय बाळांसाठी बडोद्याच्या डॉ. प्रमिला फाटक यांनी ती बसवली. हालचालींच्या ६७ आणि समजेच्या १६३ गोष्टी. पेटीतून लाकडी ठोकळे, घंटा, कप, कडी असं एकेक काढतात आणि बाळ काय करतं ते बघतात. शेवटी दोन आकडे हातात येतात, एक हालचालींचा, एक समजेचा. पहिल्यांदा ते आकडे बघून सूनबाई जिन्यात बसून रडली. ताई बाहेर आल्या, तिच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि तोच कागद उलटा करून मागे लिहायला लागल्या: मान धरते, आवाजाकडे वळते, आईला ओळखून हसते. जे येतं त्याची यादी. म्हणाल्या, "आकडा सरकारला लागतो. आपलं काम या यादीच्या पुढच्या ओळीपासून." आमच्या कपाटाच्या दाराला आतून तो कागद अजून चिकटवलेला आहे आणि त्याला खाली आणखी कागद जोडलेले आहेत.

फिजिओथेरपीबद्दल सविस्तर लिहिते, कारण आम्हाला सगळ्यात जास्त फरक तिथे पडला आणि गैरसमजही तिथेच जास्त असतात. लोकांना वाटतं, तिथे बाळाला ताब्यात घेतील, मशीन लावतील, तासाभराने परत देतील. तसं काही नाही. मॅडम एकदा करून दाखवतात, मग स्वतःचे हात मागे बांधून बसतात आणि आपल्याला करायला लावतात. पहिल्यांदा सूनबाईला केलं, मग मला, मग मुलाला. मुलगा लाजत होता. "दादा, रात्री बाळ तुमच्याकडेच असतं ना, या पुढे," म्हणाल्या. महिन्यातून दोनदा अर्ध्या तासाने बाळ बसायला लागत नाही. मधल्या दिवसांत घरात जे होतं त्यानेच बसायला लागतं, आणि ते घरातल्यांना नीट यावं यासाठीच तो अर्धा तास असतो. माझ्या मते या केंद्राची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे.

डाउनच्या बाळांचं अंग लुळं असतं, सांधे सैल. नात उताणी झोपली की दोन्ही पाय बाहेर पसरून पार जमिनीला टेकायचे. बघायला गोड दिसायचं, पण तशीच सवय लागली तर पुढे रांगणं, उभं राहणं बिघडतं. मॅडमनी काय सांगितलं? जुनी लेगिंग घ्या आणि दोन्ही पाय मांडीपासून गुडघ्यापर्यंत आतून एकमेकांना शिवून टाका. खेळताना ती घातली की पाय फाकत नाहीत. बाजारात त्यासाठी खास चड्डी मिळते म्हणे, महाग. आमची घरच्या शिलाई मशीनवर झाली. पालथं झोपवायला छातीखाली गोधडीची गुंडाळी, समोर स्टीलचं ताट उभं करून ठेवायचं. स्वतःचं तोंड ताटात दिसलं की मान वर. दिवसातून पुष्कळदा, पण दर वेळी थोडाच वेळ आणि पोट भरलेलं नसताना.

मालिशवरून मात्र माझं आणि त्यांचं बोलणं झालं. आमच्याकडे न्हाऊ घालणारी बाई येते, पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. हात खांद्यातून ओढायचे, पाय डोक्याला लावायचे, डोकं धरून मान ताणायची. मॅडमनी तेल चोळायला हरकत घेतली नाही, उलट हाताचा स्पर्श चांगलाच म्हणाल्या. पण ओढाताण आणि मानेला झटका बिलकुल नको. या मुलांच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असू शकतात, तिथून मज्जारज्जू जातो. कोलांटउडीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मी आमच्या बाईंना एकदा सोबत घेऊन गेले. त्यांना मॅडमनी मान दिला, त्यांच्याच हाताने करून घेतलं. आता त्या गावातल्या दुसऱ्या बाळांनाही तसंच करतात.

गोल चाकांचा, बाळाला आत बसवायचा वॉकर घेऊ नका, असं त्यांनी बजावलं. त्यात बाळ चवड्यांवर ढकलत राहतं, पायांत जोर येत नाही आणि उलटण्याची भीती वेगळीच. आपला लाकडी पांगुळगाडा चालेल, पण बाळ धरून नीट उभं राहायला लागल्यावर, आणि त्यात खाली दगड ठेवून जड करून. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मुलाच्या लहानपणीचा गाडा माळ्यावरून मी त्याच संध्याकाळी काढायला लावला. डाउनची मुलं साधारण दोन वर्षांच्या आसपास चालतात, कुणी आधी, कुणी बरंच नंतर. आमची आता दिवाणाला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, गाडा धरून अंगणात फिरते. मोकळी सोडली की दोन पावलं टाकते आणि बसते.

स्पेशल एज्युकेटर ताईंच्या खोलीतली खेळणी जुनी आहेत, काहींचे रंग गेलेत. पण त्या मुळात खेळण्यांवर अवलंबूनच नाहीत. "घरात काय आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आम्ही सांगितलं अप्पेपात्र. तर म्हणाल्या, प्रत्येक खळग्यात एकेक चुरमुरा टाका आणि तिच्यापुढे ठेवा. मुठीने ओरपायला जागाच नाही, अंगठा आणि बोटाने उचलावाच लागतो. शेंगदाणा, फुटाणा चालणार नाही, घशात अडकतो. चुरमुरा तोंडात विरघळतो. पहिल्या दिवशी नातीने अख्खं पात्र उलटं केलं. मग आम्ही पात्र पाटाला सुतळीने बांधलं. काही आठवड्यांनी एके दुपारी तिने एक चुरमुरा चिमटीत धरला, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडात घातला. ताईंना सांगितलं तर त्यांनी फाइलमध्ये दोन गोष्टींवर खूण केली, चिमटीची आणि दुसऱ्याला देण्याची. मला त्या दोन वेगळ्या आहेत हे तेव्हा कळलं. असंच कणीक मळायला देणं, डब्याचं झाकण काढणं, कपड्यांचे चिमटे काढून टोपलीत टाकणं. एका वेळी एकच गोष्ट धरायची, ती आली की पुढची. अमेरिकेत पोर्टेज नावाच्या गावी १९६९ मध्ये घरोघरी जाऊन आयांना शिकवायची पद्धत सुरू झाली, तिच्याच धर्तीवरची तक्त्याची वही ताई वापरतात.

बोलणं. इथे मन अजून अडकलेलं आहे, आणि माझा कापलेला तारा याच खोलीचा आहे. पहिलं वर्षभर स्पीचच्या मॅडम होत्या, फार गुणी. दूध पिताना जीभ बाहेर ढकलायची सवय होती, तर चमचा कसा जिभेवर सपाट दाबून ठेवायचा, पेज किती घट्ट हवी, औषधाच्या प्लास्टिकच्या कपाची एक कड कापून नाकाला जागा कशी करायची, म्हणजे मान मागे न टाकता पाणी पिता येतं, हे सगळं त्यांचं. मग त्यांनी खुणा सुरू केल्या. पाणी, अजून, झालं, ये, दे. मला काळजी वाटली की खुणेवर भागलं तर पोर बोलणारच नाही, आणि मी तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "आजी, टाटा करायला शिकवलं म्हणून कुठलं बाळ टाटा म्हणायचं राहिलं? जेजे करायला शिकवता ना? तसंच हे." या मुलांना समजतं लवकर, तोंडातून यायला वेळ लागतो. मधल्या काळात सांगताच आलं नाही तर ती चिडतात नाही तर गप्प बसतात. खूण करायची आणि त्याच वेळी शब्द तोंडाने म्हणायचा. नात आधी 'अजून'ची खूण करायला लागली, आणि आता खुणेबरोबर 'अऊ' म्हणते. पाण्याला 'पा'.

त्यांची सगळ्यात मोलाची शिकवण म्हणजे थांबणं. आपण मुलाला विचारतो, 'बॉल कुठेय?', उत्तर आलं नाही की लगेच परत विचारतो, मग स्वतःच दाखवतो. मॅडम म्हणाल्या, विचारा आणि मनात पाच मोजा. तोंडावर हसू ठेवा, पुढे झुका, पण बोलू नका. तिच्या डोक्यात ते पोचून परत यायला तेवढा वेळ लागतो, आणि आपण मध्येच बोललो की तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हे ऐकायला सोपं आहे. आमच्यासारख्या बोलघेवड्या घरात महाकठीण गेलं. पण मोजायला लागल्यावर चारवर, पाचवर तिचं बोट बॉलकडे जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

या मॅडम दुसरीकडे नोकरी मिळाली म्हणून गेल्या. पगार कमी, दर वर्षी करार नवा करायचा, कुणीही गेलं असतं. त्यानंतर ती जागा रिकामीच आहे. बोलणं फुटायच्या नेमक्या वयात. आमच्या तालुक्याच्या गावी स्पीच थेरपिस्ट नाही, जिल्ह्याला खासगी आहेत, पण दर खेपेचे पैसे आणि तेही आठवड्यातून दोनदा बोलावतात. आम्ही त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जातो, व्हिडिओ दाखवतो, पुढचं विचारून येतो आणि जुनी वही चालवतो. कंत्राटी कर्मचाऱ्यांचा संप झाला तेव्हा तर सगळंच बंद होतं. मला त्यांचा राग येत नाही. ज्या कामाला वयाची मुदत आहे, त्याची जागा वर्ष-वर्ष रिकामी कशी राहते, याचा राग येतो. रस्ता दोन वर्षांनी झाला तरी रस्ताच होतो. दीड वर्षाच्या पोराची थेरपी साडेतीन वर्षांनी करून तेच फळ मिळत नाही. जिल्हा परिषदेच्या आमच्या सदस्यांना आणि आमदारांच्या कार्यालयात मी लेखी दिलं आहे. तुमच्याकडे जागा रिकामी असेल तर तुम्हीही द्या, गावातल्या चार आया सह्या करतील अशा बघा.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत पण सांगायला हव्यात. लिफ्ट बरेचदा बंद असते, पायात कॅलिपर असलेल्या मोठ्या मुलांना आया कडेवर घेऊन चढतात. बाळाचं लंगोट बदलायला जागा नाही. अर्ध्या तासाची वेळ गर्दीच्या दिवशी निम्म्यावर येते. सोमवार टाळा. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांतली मुलं नोंदवली जातात आणि टोळी हलली की तुटतात. त्यांच्यासाठी काही व्यवस्था नाही, हे सोशल वर्कर दादांनी स्वतःच हळहळून सांगितलं.

व्हरांड्यात शाळकरी मुलंही दिसतात. वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, शुद्धलेखन जमत नाही, गणिताशी वैर, पण बोलायला हुशार. अशांची प्राथमिक तपासणी मानसतज्ज्ञ ताई करतात आणि अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तो दाखला असला की दहावीला जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. आपल्या राज्यात हे १९९६ पासून आहे, तरी शाळेतून 'आळशी आहे' एवढंच ऐकून घरी बसलेले आईबाप तिथे भेटतात. तिसरी-चौथीत शंका आली तरी जा, दहावीच्या फॉर्मपर्यंत थांबू नका.

कागदपत्रांचं. थेरपी सुरू करायला कुठलाही दाखला लागत नाही, रिपोर्टसुद्धा आलेला असायला हवा असं नाही. आधार नसलेलं बाळही घेतात. दिव्यांग प्रमाणपत्राचं वेगळं. बौद्धिक अक्षमतेसाठी बाळ एक वर्षाचं पूर्ण झाल्याशिवाय ते देत नाहीत, आणि पाच वर्षांपर्यंत तात्पुरतं देतात. पाचनंतर परत तपासणी. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. आमचा सोशल वर्कर दादांनी भरून दिला, सायबर कॅफेत पैसे घालवू नका. प्रमाणपत्र आलं की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात नाव घालता येतं. वर्षाला १ लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो. खासगी स्पीचचा खर्च आम्ही त्यातूनच मागणार आहोत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच वर्षांच्या आतल्या बाळाला तिकीट नाही, त्यामुळे सूनबाई आणि मी दोघी मिळून एका तिकिटात जाऊन येतो.

पुण्यामुंबईला यापेक्षा मोठी केंद्रं आहेत. मुंबईत 'उम्मीद' २००१ पासून आहे, गोव्यात 'सेतू' आहे, पुण्याला केईएम रुग्णालयाचं टीडीएच केंद्र आहे. आम्हालाही लोकांनी तिकडेच राहायला जायचा सल्ला दिला. ज्यांना जमतं त्यांनी एकदा जाऊन मोठ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं. पण घर मोडून, मुलाची नोकरी सोडून, पोरीच्या आजोबांना, चुलत भावंडांना, अंगणाला तोडून तिकडे जाण्यापेक्षा इथे पंधरा दिवसांनी जाऊन रोज घरी करणं आमच्या नातीला मानवलं. तिचे चुलतभाऊ आता तिच्याशी खुणा करून बोलतात, अंगणवाडीतल्या पोरांनाही त्यांनीच शिकवल्या. अंगणवाडीत तिचं नाव मी वय होण्याआधीपासूनच सांगून ठेवलं आहे, आणि नवीन सेविका ताईंना अप्पेपात्राचं सगळं समजावून आले आहे.

जाणार असाल तर: सकाळी नऊच्या आत केसपेपर काढा. बाळ झोपून उठलेलं आणि थोडं खाल्लेलं असावं, भुकेलं किंवा पेंगुळलेलं बाळ तिथे काही करत नाही आणि खेप वाया जाते. लसीकरणाचं कार्ड, जन्माच्या वेळचे कागद आणि एक जाड वही न्या. घरी बाळ जे करतं त्याचा फोनवर छोटा व्हिडिओ काढून न्या, कारण परक्या खोलीत मुलं बुजतात. शक्य असेल तर वडिलांना पहिल्या दोन-तीन खेपांना न्याच. आणि पथकाच्या चिठ्ठीची वाट बघायची गरज नाही, थेट गेलं तरी नोंद करून घेतात. आमच्याकडे फिजिओ रोज असतात, डोळ्यांचे आणि दातांचे ठरावीक वार असतात. तुमच्या जिल्ह्यातले वार गावच्या आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा, त्यांच्याकडे केंद्राचा फोन नंबर असतो.